अक्काचे हात दिसावेत म्हणून

माझी थोरली बहीण, आमची अक्का, जन्मापासून ऐकत नाही. तापीकाठच्या आमच्या गावात तेव्हा तिच्यासारख्या मुलांची शाळा नव्हती, म्हणून तिची भाषा तिनं आणि मायनं मिळून घरातच तयार केली. कपाळाला पालथा हात लावला की ताप. ओंजळ उलटी केली की संपलं, गेलं. नाकाखालून बोट फिरवलं की मी, कारण लहानपणी माझं नाक कायम वाहत असायचं. मला या भाषेतलं निम्मंच कळतं. मायला सगळं कळतं.

अक्का लग्न होऊन नवापूरला गेली. दाजी तिथं पोल्ट्रीवर कामाला आहेत. दुपारी तिचं घरकाम उरकलं की ती मायला व्हिडिओ कॉल करायची. माय मोबाईल माठाला टेकवून ठेवायची आणि दोन्ही हातांनी तासभर बोलत बसायची.

गेल्या हिवाळ्यात माय ओट्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तिला खाट धरावी लागली. अक्का येऊन राहिली, पण मुलीची शाळा बुडायला लागली तशी परत गेली. मग बोलणंच अडलं. मायनं मोबाईल धरला की एक हात अडकायचा. मी धरला तरी एवढ्याशा पडद्यावर, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना, अक्काची बोटं नुसती हलताना दिसायची.

"माले तिन्हा हातच दिसत नही," असं म्हणून एक दिवस मायनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

खाटेच्या समोरच्या भिंतीवर टीव्ही होता. मोबाईलमधलं चित्र बिनवायरीचं त्यावर पाठवता येतं, हे मला माहीत होतं. पाठवलं. अक्का एवढी मोठी दिसल्यावर माय हरखली. पण अक्काचे हात भरभर चालायला लागले की चित्र अडकायचं आणि एकदम पुढं उडी मारायचं. दुसऱ्याच दिवशी अक्का काहीतरी सांगत होती, आणि मायचा चेहरा उतरला.

"पोरले ताप शे," ती मला म्हणाली. दुपारभर तिनं काही खाल्लं नाही. संध्याकाळी मी दाजींना फोन केला, तेव्हा कळलं की भाचीला ताप येऊन गेला होता आणि ती अंगणात खेळत होती. अक्कानं ओंजळ उलटी केली होती, पण नेमकं तेवढंच चित्र अडकलं होतं.

दुसऱ्या दिवशी बायको आणि मी शहाद्याला गेलो. एसटी स्टँडसमोरच्या मोबाईलच्या दुकानात मी सगळं सांगितलं. दुकानदारानं बोटाएवढा एक कन्व्हर्टर काढला. त्याचं एक टोक मोबाईलच्या चार्जिंगच्या भोकात जाणार, दुसरीकडून एचडीएमआयची वायर टीव्हीला. माझा मोबाईल त्यानं दुकानातल्या टीव्हीला जोडून पाहिला. पडदा काळाच राहिला.

"भाऊ, भोक सारखंच दिसस, पन तुमना मोबाईल चित्र बाहेर देत नही," तो म्हणाला. "दुसरा एक कन्व्हर्टर शे, ॲप टाकीसन चालस. पन थोडं अटकस."

"अटकस ते नको," बायको म्हणाली. तिनं पर्समधून स्वतःचा मोबाईल काढून त्याच्यापुढं धरला. तो तिच्या भावानं दिलेला, माझ्यापेक्षा भारीतला. वायर लावली आणि तिच्या मोबाईलवरचा आमच्या केळीच्या बागेचा फोटो दुकानातल्या टीव्हीवर पसरला.

"म्हणजे मला तुझ्यासारखा घ्यावा लागंल," मी म्हणालो.

"काबर? मन्हा शे ना. दुपारले मायले देसू."

मी मुद्दाम लांब वायर घेतली. मोबाईल खाटेजवळ स्टुलावर ठेवायचा, असं माझ्या डोक्यात होतं. घरी तसंच केलं. चित्र आता जराही अडकत नव्हतं, पण अक्का खुणेनं सारखं विचारायला लागली, माझ्याकडं का बघत नाहीस? माय टीव्हीकडं बघत होती आणि स्टुलावरच्या मोबाईलला तिचा नुसता कान दिसत होता. बायकोनं मोबाईल उचलला, टीव्हीखालच्या फळीवर डाळीच्या डब्याला टेकवून आडवा ठेवला. मग मायनं हातवारे करून अक्कालाही तिचा मोबाईल आडवा करायला लावला. आता दोघी समोरासमोर आल्या. पसरलेले हातसुद्धा पडद्यात मावले.

अक्का हसली. ती हसते तेव्हा घशातून मोठा, फाटका आवाज येतो. बाहेर, चारचौघांत ती तोंडावर पदर धरते. टीव्हीतून तो आवाज घरभर घुमला आणि मी रिमोट घेऊन कमी करायला गेलो.

"राहू दे," माय म्हणाली. "माले ऐकू दे."

त्यानंतर रोज दुपारी बायको वायर लावायची आणि मोबाईल तिचाच म्हणून खाटेशेजारी बसून राहायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अक्का आणि ती एकमेकींकडं पाहून हसायच्या, त्यापलीकडं काही नव्हतं. आता एवढे मोठे हात रोज समोर पाहून तिला एकेक खूण उमगायला लागली. चुकली की माय खाटेवरूनच तिचं बोट धरून नीट करायची.

होळीनंतर माय वॉकर धरून चालायला लागली, आणि अक्का मुलीला घेऊन चार दिवस आली. मी शेतातून घरी आलो तर स्वयंपाकघरात दोघी नणंद-भावजय. बायकोचे हात पिठात, तरी ती कोपरानं, भुवयांनी काहीतरी सांगत होती आणि अक्का पोट धरून हसत होती. तिचा पदर खांद्यावरच होता.

"काय सांगी ऱ्हायनी ती?" मी मायला विचारलं.

माय खुर्चीत बसून दोघींकडे पाहत होती. "तुन्हं चालू शे," ती म्हणाली, आणि नाकाखालून बोट फिरवलं.