जन्मवेळेचा साक्षीदार

उद्या साक्षात देव सक्करदऱ्याच्या त्या घराची कडी वाजवून "मी आहे" असं म्हणाला, तर माझे थोरले साडू त्याला खुर्ची देतील, पाणी देतील, चहात साखर किती ते विचारतील आणि मग पुरावा मागतील. त्याच्यामागून दुसरा कोणी येऊन "देव नाही" असं म्हणाला, तर त्यालाही तीच खुर्ची, तोच चहा आणि तोच प्रश्न. माझ्या लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. या एकोणतीस वर्षांत इतका निःपक्षपाती संशयी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

सगळ्याचं मूळ एक पुस्तक आहे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या कुण्या फ्रेंच तत्त्ववेत्त्याच्या वचनांचं ते मराठी भाषांतर त्यांना तरुणपणी बर्डीच्या बाजारात फुटपाथवर मिळालं. श्रद्धा, शंका आणि स्वातंत्र्य, एवढेच विषय. वचनं एकशे त्रेचाळीस आणि एक अर्धं. मी मोजली आहेत. अर्धं यासाठी की पुढची पानं फाटलेली होती. मी एकदा म्हटलं, भाऊसाहेब, पुढे काय असेल याचा अंदाज तर करा. ते म्हणाले, "तो काय म्हणनार होता मले काय माहीत? मी काहून त्याच्या तोंडात शब्द घालू?" त्या तत्त्ववेत्त्याचं चित्र मिळवून मी चांगली फ्रेम करून दिली, तर ती त्यांनी कपाटात स्वेटरखाली ठेवून दिली. "आज फोटो लावला साडूभाऊ, की उद्या हार येते अन् परवा अगरबत्ती." सबंध पुस्तकाचं सार ते एका दमात सांगतात, "ज्याचं त्याले मानू द्या. फक्त आपल्याले जे माहीत नाही, ते माहीत आहे म्हणू नका."

ऐकायला सोपं आहे. हे पाळणाऱ्या माणसाबरोबर प्रवास करून पाहावा. नरखेडच्या एसटीवर नरखेडची पाटी होती, तरी त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, मग कंडक्टरला विचारलं, आणि तिसरा साक्षीदार म्हणून पेरू विकणाऱ्या बाईला विचारायला गेले तोवर गाडी सुटली. "पाटी खरी होती," ते समाधानाने म्हणाले. रक्तदाब वाढलाय असं सांगणाऱ्या डॉक्टरला त्यांनी त्याच यंत्रावर आधी स्वतःचा मोजायला लावला. डॉक्टरचा जास्त निघाला आणि गोळ्या दोघांनाही सुरू झाल्या. माझी मेहुणी मात्र मंगळवार, चतुर्थी, सगळं करते. साडू तिच्या उपासाचा साबुदाणा स्वतः निवडतात आणि देवळाच्या पायरीपर्यंत सोबत जातात. "ते आत जाते, मी बाहेर चपला राखतो. दोघाइचंही काम मन लावून चालते." या घरात देवावरून भांडण झाल्याचं मला आठवत नाही. माझ्या घरात, जिथे दोघंही श्रद्धाळू, तिथे आरतीच्या वेळेवरून अजून होतं.

हे सगळं मी इतकी वर्षं गंमत म्हणून सांगत आलो. गेल्या वर्षी पाळी माझ्यावर आली.

माझी मुलगी कल्याणी हिने लग्न ठरवलं. मुलगा नरखेड तालुक्यातला, शिकून परत गेलेला, वडिलांबरोबर संत्र्याची बाग करणारा. माणसं चांगली. मी पत्रिका गुरुजींना पाहायला दिल्या आणि छत्तीसपैकी तेरा गुण आले. निदान अठरा लागतात. मी आकड्यांचा माणूस आहे, आकड्यापुढे मी कधी गेलो नाही. मी नाही म्हटलं. कल्याणी रडली नाही की भांडली नाही. "तुमच्या मर्जीशिवाय करणार नाही बाबा," एवढंच म्हणाली, "आणि दुसऱ्या कोणाशी करणार नाही." त्यानंतर दोन महिने आमच्या धरमपेठेच्या घरात ताटं वाढण्यापलीकडे बोलणं नव्हतं.

मग गुरुजींनीच वाट दाखवली. पत्रिकेत जन्मवेळ चार पस्तीस होती. चार पन्नासनंतर नक्षत्र बदलतं आणि गुण सव्वीस होतात. "वेळेची खात्री करून घ्या," ते म्हणाले. खात्री एकच माणूस देऊ शकत होता. कल्याणी जन्मली तेव्हा मी कामासाठी भंडाऱ्याला होतो, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे बाळाचं पहिलं रडू ऐकताच वेळ टिपायला दवाखान्याच्या दाराशी घड्याळ घालून उभं केलं होतं ते माझ्या साडूंना. मी तडक सक्करदऱ्याला गेलो.

"चार पस्तीस?" ते म्हणाले. "हे कोणं सांगितलं?"

"तुम्ही!"

"मी? मी तं दाराजवळ नव्हतोच गा! कँटीनवाल्यासोबत आत्म्यावर वाद होऊन राहिला होता. वर आलो तं पोरगी जन्मून, पुसून, दुपट्यात. मी तवाच सासूबाईले सांगितलं, साडेचार ते पाचच्या मधात, जास्त मले माहीत नाही."

चार पस्तीस हा आकडा सासूबाईंनी मनाने घातला होता. सव्वीस वर्षं मी तो प्रत्येक कागदावर लिहीत आलो, मिनिटासकट. मला घाम फुटला. पण लगेच आनंदही झाला. "मग झालंच की भाऊसाहेब! चार पन्नासच्या पुढची असेल. तुम्ही फक्त तसं म्हणा. मी मानतो."

मेहुणी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. "म्हना नं हो! पोरीचं भलं होते. एक शब्द तं आहे!"

"तोच तं नाही माह्याजवळ."

"साऱ्या जगाले शंका विचारत फिरता, अन् घरच्या पोरीसाठी तोंड शिवलं?"

कल्याणी त्यांची लाडकी. तिला सायकल त्यांनी शिकवली. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. मग मला म्हणाले, "मी म्हटलं तं तुम्ही खरंच मानसान, साडूभाऊ. म्हणूनच म्हणवत नाही. तुमची श्रद्धा आहे. तिच्यात मी माह्या हातानं खोटं कसं मिसळू?"

ज्याचा पत्रिकेवर तिळभर विश्वास नाही, तो माणूस माझ्या पत्रिकेची शुद्धता राखत होता.

"एक विचारू?" ते म्हणाले. "छत्तीसच्या छत्तीस जुळले असते, अन् पोरगी नाही म्हणाली असती, तं देली असती?"

"नाही," मी म्हटलं. हे उत्तर द्यायला मला एक क्षणही लागला नाही, आणि तेच मला घरी येईपर्यंत पुरलं.

कल्याणी गॅलरीत कपडे काढत होती. मी म्हटलं, "तुझी जन्मवेळ मला माहीत नाही. गुण किती ते माहीत नाही. पुढे काय होईल तेही माहीत नाही." आयुष्यात एका दमात मी इतक्या गोष्टी माहीत नसल्याचं कधी कबूल केलं नव्हतं. ती हातातला टॉवेल तसाच धरून म्हणाली, "मग मी ठरवू?" मी मान हलवली.

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी माझा धीर सुटला. जो समोर येईल त्याला मी एकच विचारत होतो, सुखात राहील ना? "म्हणजे काय, राहीलच!" सगळे पाठ थोपटून सांगत आणि कुल्फीच्या टेबलाकडे जात. साडू मांडवाच्या खांबाशी एकटे उभे होते. मी त्यांनाही विचारलं.

"मीही तेच विचारून राहिलो, साडूभाऊ," ते म्हणाले. "केव्हापासून."

कोणाला, ते मी विचारलं नाही. त्यांचे डोळे भरलेले होते. गाडी काटोल रोडकडे वळून दिसेनाशी झाली, तरी त्यांनी माझा हात सोडला नव्हता.