स्वल्पविरामाला थांबणारा माग

मंडळी, आज दुपारी नात इंग्रजीचा धडा कुठंही न थांबता वाचून राहिली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "अवं, धोटा तरी थांबू दे."

"आजी, धोटा म्हणजे काय?"

पन्नास-पंचावन्न सालची गोष्ट. नागपुरात बाबा हातमागावर लुगडी विणायचे. धोटा आडवा धागा घेऊन खटाखट पळायचा. शेजारी बसून मी मोठ्यानं इंग्रजी वाचायची. स्वल्पविराम आला की मांडीवर थाप मारायची आणि बाबा माग थांबवायचे.

"थांबलो मी. आता मले सांग वं, काय लिहिलं हाय."

माझ्या मॅट्रिकच्या आधीच ते गेले. परीक्षेसाठी मी मागाजवळच बसून वाचलं. सवयीनं थाप मारली. माग आधीच थांबलेला होता.

तुमच्यापैकी कुणाकडे जुना धोटा आहे का? नुसता हातात घ्यायचा आहे.