हडळीची दोरी

पुण्यातल्या बऱ्याच लोकांनी मला अंधारात ऐकलं आहे. माझा आवाज कानावर पडताच अनेकांनी शेजारच्याच्या दंडात नखं रुतवली, त्यातून एकदोन लग्नंही जमली, असं मी सांगत असतो. पुरावा मागण्याइतका असभ्य माणूस मला अजून भेटलेला नाही.

सोलापूर रस्त्यावर, लोणी काळभोरच्या थोडं पुढे, एक लहानसं करमणुकीचं उद्यान आहे. मोठा पाळणा, पाण्याची घसरगुंडी, लाकडी घोड्यांचं चक्र आणि एक भूतबंगला. रुळावरच्या दोनजणांच्या गाडीत बसायचं, दार ढकलून अंधारात शिरायचं, शेवटच्या वळणावर हिरव्या नऊवारीतली हडळ अंगावर येते, की बाहेर. त्या हडळीचा आवाज माझा.

तेव्हा मी कॉलेजातून नुकताच बाहेर पडलो होतो आणि एकांकिका स्पर्धांमध्ये मिळेल ते काम करत होतो. उद्यानाच्या मालकांनी बोलावून सांगितलं, "भयानक बोला." मी कर्वेनगरात वाढलेलो. भयानक म्हणून मला एकच आवाज ठाऊक होता, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंचा. त्याच आवाजात मी कॅसेट भरून दिली. "आलात? या. बसा म्हणणार नाही, बसलेलेच आहात." पुढच्या वळणावर, "किंचाळायचं असेल तर हळू. खाली माणसं पुरलेली आहेत, त्यांची झोपमोड होते." आणि दाराशी, "जाताना मागे वळून बघू नका. तुमच्यात बघण्यासारखं मलाही काही दिसलं नाही."

मालकांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. "भीती वाटत नाही हो," ते म्हणाले, "अपमान वाटतो."

"पुण्यातच चालवायचंय ना?" मी म्हटलं.

कॅसेट पास झाली.

हडळ घडवली होती चाचांनी. चाचा पूर्व भागातल्या एका पेठेतले. मोहरमला ताबूत आणि गणपतीत मंडळांचे हलते देखावे हे त्यांच्या घरातलं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. कागदाच्या लगद्याचा राक्षस करावा, पोटात मोटर बसवावी, वीस अंक मोजले की राक्षसानं उठावं, गदा उगारावी आणि खाली बसावं. बाहेर बांबूपलीकडे गर्दी उभीच असते. हुकलं असं ज्याला वाटतं तो पुढचे वीस अंक थांबतो.

चाचांनी हडळही तशीच केली आणि तिथेच फसले. देखाव्यात माणसं उभी असतात आणि राक्षस हलतो. इथे माणसंच हलत होती. कुणाची चप्पल अडकली, कुणाच्या आईनं ऐनवेळी उतरायचं ठरवलं, गाडी कधी येईल याचा नेम नाही. उद्घाटनाच्या दिवशी पहिली गाडी गेली तेव्हा हडळ खाली बसत होती. दुसरी गेली तेव्हा ती रिकाम्या अंधाराला घाबरवत होती. तिसऱ्या गाडीत स्वतः मालक बसले. चाचांनी भिंतीमागे धावत जाऊन मोटरीचा पट्टा काढला, हडळीच्या पाठीला सुताची दोरी बांधली, फटीला डोळा लावला आणि मालक समोर येताच दोरी ओढली.

मालक किंचाळत बाहेर आले ते खूश होऊनच. "काय टायमिंग आहे चाचा. ऑटोमॅटिक?"

"फुल ऑटोमॅटिक," चाचा म्हणाले. आयुष्यातलं एक वाक्य चुकीच्या वेळी तोंडातून गेलं, आणि ते निभवायला त्यांना पुढची सव्वीस वर्षं भिंतीमागे बसावं लागलं.

मला हे कळलं ते माझ्याच आवाजाच्या मोहापायी. पहिल्या आठवड्यात मी नऊ वेळा त्या गाडीत बसलो. प्रत्येक वेळी मी मान वळवली की नेमकी त्याच क्षणी हडळ यायची. यंत्र इतकं खवचट नसतं. मी मागच्या बाजूनं शिरलो, तर स्टुलावर चाचा, हातात दोरी, शेजारी चहाचा ग्लास.

"कलाकार," ते म्हणाले, "मालकांना जबान दिलीय मी. कुणाला बोलू नका."

माझ्या पोटात काहीच राहत नाही, हे मला ओळखणारा कुणीही सांगेल. ही एक गोष्ट मात्र राहिली. कारण त्या दिवशी मी त्यांच्या मागे उभा राहून बघत होतो. वळणावर एक लाल दिवा होता, त्यात गाडीतले चेहरे ओझरते दिसत. छाती काढून बसलेला कुणी आला, की चाचा दोरी अशी ओढत की हडळीचे केस त्याच्या नाकाला लागावेत. घाबरून डोळे मिटलेलं पोर आलं, की दोरी सैल. हडळ जागेवरच बसून राही.

"पैसे दिलेत त्यानं," मी म्हटलं.

"त्याचं भिऊन झालंय आधीच," चाचा म्हणाले. "जास्तीचं कशाला द्यायचं?"

नंतर रंगभूमीवर मी जे काही थोडंबहुत केलं, त्यातलं बरंचसं मी त्या फटीपाशी शिकलो. समोरच्याचा चेहरा बघायचा, आपलं वाक्य मग. याचे आभार मी नाटकाच्या कुठल्याच गुरूला मानत नाही. त्या स्टुलाला मानतो.

भूतबंगला शनिवारी, रविवारी आणि सुट्टीत चाले. चाचा त्या दिवशी "सर्व्हिसिंगला" येत. ईदला हडळ न चुकता आजारी पडे. एवढ्या वर्षांत मालकांना त्याचं नवल वाटलं नाही, आणि दोन वर्षांपूर्वी ते तसेच, विश्वासानं भरलेले, गेले.

आता उद्यान त्यांची मुलगी चालवते. या वर्षी तिचा मला फोन आला.

"काका, भूतबंगला नवा करतोय, सध्या बंद ठेवलाय. तुमचा आवाज परत हवाय, तोच खडूसपणा ठेवून. हडळीचा मुखवटा चाचांचाच राहील, आतली यंत्रणा बदलतोय. सोमवारी मागची भिंत पाडतोय."

मी आनंदानं होकार दिला आणि अर्ध्या तासात चाचांचा फोन आला. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"भिंत पडली की सगळं दिसणार," ते म्हणाले. "देखाव्यांचा कारखाना आता मुलगा बघतो. पाटीवर काय लिहिलंय ठाऊक आहे? भूतबंगलावाले, फुल ऑटोमॅटिक. मंडळं त्यावर काम देतात त्याला. आणि मालकांना जबान दिली होती. ते नाहीत म्हणून ती खोटी झाली तर चालेल, असं नाही ना?"

मी त्यांना शनिवारी स्वारगेटला भेटलो. मी काळा शर्ट घातला होता. चाचांनी मला खालीवर बघितलं. "दरोडा घालायचाय का? सकाळचे अकरा वाजलेत." मी चिंध्या भरलेली एक मोठी पिशवी आणली होती, कारण नाटकात वस्तू लांबवायची तर तिच्या जागी दुसरी ठेवतात. चाचांनी ती पिशवी बसमध्ये माझ्याच मांडीवर ठेवायला लावली.

काम दहा मिनिटांचं निघालं. पहारेकऱ्याला मी माझ्या आवाजाची नक्कल करून दाखवत दाराशी गुंतवलं, आणि चाचांनी दोरी, स्टूल, ग्लास गोळा केले. फरशीवर चाचांच्या पायांनी पडलेले दोन खळगे मात्र उचलून नेता येईनात. त्यावर आम्ही जुनी मोटर सरकवली. तिला सव्वीस वर्षांनी प्रथमच काही काम मिळालं.

सोमवारी भिंत पडली आणि कुणाला काहीही दिसलं नाही. चाचांची जबान शाबूत राहिली. मला वाटलं, संपलं.

तीन आठवड्यांनी चाचणी होती. मालकांच्या मुलीनं आम्हा दोघांना मुद्दाम बोलावलं. नवी यंत्रणा बसवणारी इंजिनिअर हिंजवडीहून आली होती. हुशार मुलगी. तिनं आम्हाला पडदा दाखवला, त्यावर अंधारातही गाडीतल्यांचे चेहरे स्वच्छ दिसत होते.

"बेसिकली गाडी सेन्सरसमोर आली की हडळ ट्रिगर होते," ती म्हणाली. "शंभर टक्के ॲक्युरेट. पण चाचा, मला तुमचं जुनं लॉजिक समजून घ्यायचंय. इथले जुने लोक सांगतात, ती घाबरलेल्या मुलांना सोडून द्यायची. मी मोटर उघडून बघितली. त्यात काहीच नाहीये."

चाचा पडद्याकडे बघत राहिले. मी घाईघाईनं म्हटलं, "जुन्या काळची गोष्ट आहे ती. दमट हवा असली की पट्टा घसरायचा."

पहिल्या गाडीत उद्यानातले दोन कामगार बसले. हवेच्या दाबानं हडळ सुसाट आली, दोघंही ओरडले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगायचं तर आमच्या दोरीपेक्षा ती जोरात आली.

दुसऱ्या गाडीत कँटीनवाल्या बाईंची दोन मुलं होती. मोठा भाऊ आणि पाचेक वर्षांची बहीण. पडद्यावर ती दिसली. डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हात कानांवर, कपाळ भावाच्या खांद्यात खुपसलेलं.

"हिच्यावर नाही," चाचा म्हणाले.

"काय चाचा?"

"हिच्यावर नको. थांबवा."

"सेन्सर आहे, तो आपोआप..."

गाडी वळणाला लागली होती. चाचांनी पुढे होऊन गाडी थांबवायचं लाल बटण दाबलं. भूतबंगल्यात भसकन दिवे लागले, गाडी थांबली. अर्ध्यात उठलेली हडळ प्रकाशात ओशाळल्यासारखी दिसत होती. कँटीनवाल्या बाई आत धावल्या आणि मुलीला कडेवर घेऊन बाहेर आल्या.

इंजिनिअर गोंधळली. "पण चाचा, कोण घाबरलंय हे मशीनला कसं कळणार?"

"मशीनला नाही कळत."

"मग जुन्या मशीनला कसं कळायचं?"

तो प्रश्न आला आणि मी उभा राहिलो. माझ्याकडे थापेसाठी एक जर्मन बनावटीचं भिंग तयार होतं, ते परत जर्मनीला दुरुस्तीला गेल्याची हकिकतही तयार होती.

"कलाकार," चाचा म्हणाले, "बसा खाली."

मी बसलो.

मग त्यांनी सांगितलं. मोटरीचा पट्टा, दोरी, फट, स्टूल. शनिवारचा दरोडासुद्धा. माझ्या चिंध्यांची पिशवीही त्यांनी वगळली नाही, ती वगळता आली असती. मालकांची मुलगी हाताची घडी घालून ऐकत होती.

"पप्पांना माहीत होतं?" तिनं विचारलं.

"नाही. त्यांना फुल ऑटोमॅटिक सांगितलं होतं. माझी चूक."

ती हडळीकडे बघत राहिली. "लहानपणी मी दर रविवारी बसायचे. एकदाही अंगावर आली नाही. मला वाटायचं, मालकाची मुलगी म्हणून ओळखते."

"तुम्ही डोळे मिटून बसायच्या ताई. नाकसुद्धा दाबून धरायच्या."

"ते दिसायचं तुम्हाला?"

"तेवढंच काम होतं."

मी तिच्या वडिलांना ओळखत होतो, त्यामुळे आता काय ऐकावं लागेल याची तयारी करत होतो.

"आणि दर आठवड्याला सर्व्हिसिंगला येतो म्हणायचात," ती म्हणाली, "ते कुणाचं सर्व्हिसिंग करत होतात?"

"दोन वेळा चहा व्हायचा," चाचा म्हणाले.

आधी कँटीनवाल्या बाई हसल्या, मग सगळेच. मालकांची मुलगी मात्र इंजिनिअरकडे वळली. "हडळ छान आली आहे तुमची, हवेच्या दाबावरच राहू दे. सेन्सर काढा. एक बटण द्या आणि या पडद्यासमोर एक खुर्ची."

"म्हणजे मॅन्युअल?"

"म्हणजे माणूस. चाचा, माझ्याकडच्या दोघीजणींना शिकवाल?"

"दोरी ओढायला जोर लागायचा," चाचा म्हणाले. "बटणाला काय लागतं. बघायला शिकवतो."

इंजिनिअरनं वही काढली आणि चाचांच्या शेजारी बसली. चेहऱ्यात नक्की काय बघायचं, हे ती बराच वेळ विचारत होती. चाचा सांगत होते, खांदे बघा, चेहरा खोटं बोलतो. ती लिहून घेत होती, आणि खरं सांगतो, सव्वीस वर्षं ते ऐकूनही मीसुद्धा माझ्या बसच्या तिकिटामागे लिहून घेतलं.

परतताना आम्ही लोणीहून बस पकडली. बसल्याबसल्या चाचांनी मुलाला फोन लावला. ऐकू कमी येत असल्यानं ते मोठ्यानं बोलतात, त्यामुळे अर्ध्या बसला सगळं कळत होतं. "ऑटोमॅटिक नव्हतं ते. मीच होतो. हो, सगळ्यांसमोर सांगितलं. मंडळाच्या लोकांनी विचारलं तर तूही खरंच सांग. पाटीवर रंग मार... काम जाईल तर जाईल." मग बराच वेळ ते नुसतं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बरं. रंग पांढरा घे, हिरवा महाग पडतो."

फोन ठेवला तोच समोरच्या बाकावरच्या आजी वळल्या. मांडीवर पेरूची पाटी होती, बाजाराला निघाल्या असाव्यात.

"तुमी त्या भूतबंगल्यात हाय का?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं नाही. "हडळ होतो," ते म्हणाले. "सव्वीस वर्षं."

"माज्या सुनंला नेलं हुतं आमी. लगीन नवं हुतं तवा. लय अंगावर गेली हो ती हडळ तिच्या."

"डोळे उघडे असतील त्यांचे," चाचा हळूच म्हणाले.

"तिचं कायम उघडंच असत्यात. माज्याच स्वयपाकावर." आजींनी पाटीतले दोन पेरू निवडले, पदरानं पुसले आणि एकेक आमच्या हातात दिला. "लई ब्येस केलंत."