वाचून दाखवलेली दोन पत्रे

"स्पुटम पॉझिटिव्ह आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि अहवालावरच्या तीन अधिक चिन्हांखाली त्यांनी लाल रेघ ओढली.

स्पुटम म्हणजे खोकून काढलेला बेडका. त्यात क्षयाचे जंतू सापडले की तो पॉझिटिव्ह, आणि अधिक चिन्हे जितकी जास्त तितके जंतू जास्त. माझ्या उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला कॅव्हिटी होती. म्हणजे आजाराने पोखरून केलेली पोकळी. दोन महिने खोकला होता, संध्याकाळी अंग तापत होते आणि त्या आठवड्यात रुमालावर रक्त दिसले होते. माझे वय तेव्हा त्रेसष्ट होते.

हे मी ज्यांच्या हाती उद्या असाच अहवाल पडेल त्यांच्यासाठी लिहितो आहे. पण माझी हकिकत केवळ फुप्फुसाची नाही, आणि फुप्फुसाचा भाग त्यातला सोपा भाग होता, हे आधीच नमूद करतो.

खाडीवरचा पूल होऊन तेव्हा दहाएक वर्षे झाली होती. दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त होऊन मी वाशीला एका खोलीच्या घरात राहत होतो. पत्नी वारली होती, मुलगी नागपूरला. माझा वेळ पत्रे लिहिण्यात जाई. पाणी, गटार, पथदिवे, बसथांबा, असा एकही विषय नव्हता ज्यावर मी सक्षम अधिकाऱ्यास लिहिले नव्हते. प्रत्येक पत्राची कार्बन प्रत माझ्याकडे आहे.

रक्त पडत होते म्हणून मला दाखल करून घेतले. खिडकीवरच्या कारकुनाने रकाने भरायला घेतले.

"धर्म?"

"ख्रिस्ती."

"नाव तर आपलं मराठी आहे."

मी त्याला राज्यघटनेच्या धर्मस्वातंत्र्याच्या पंचविसाव्या कलमापासून समजावू लागलो. खोकल्याने वाक्य तुटले, तरी मी थांबलो नाही.

"काका," तो म्हणाला, "रकाना भरायचाय. केस नाही चालवायची."

त्याने लिहिले. मी तपासून घेतले. जन्मापासून तो रकाना मी असाच भरत आलो होतो, आणि त्यात पुराव्याची काही गरज असते हे मला ठाऊक नव्हते.

पहिल्याच दिवशी मी रुग्णालयाच्या अधीक्षकांस पत्र लिहिले. बाह्यरुग्ण विभागाच्या व्हरांड्यात पाण्याचे एक पिंप होते आणि त्याला साखळीने बांधलेला ॲल्युमिनियमचा एकच पेला. क्षयाच्या विभागासमोर शेकडो तोंडांना एकच पेला ठेवणे ही अक्षम्य बेपर्वाई आहे, असे मी कळवले. उत्तर आले नाही.

दुसरे पत्र आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या सेक्रेटरींना लिहिले. आमची मंडळी म्हणजे नगर, जालना, सोलापूरकडून नोकरीसाठी आलेली पंचवीस-तीस कुटुंबे. रविवारी एका शाळेचा वर्ग मिळे. तिथे लहान मुलांच्या बाकांवर गुडघे आवळून आम्ही उपासना करत असू. मला संसर्गजन्य आजार झाला असून थुंकी निगेटिव्ह होईपर्यंत कुणीही भेटीस येऊ नये, असे मी लिहिले.

कुणीही आले नाही. माझ्या कोणत्याही पत्राची अंमलबजावणी इतकी काटेकोर कधी झाली नव्हती.

भेटीची वेळ चार ते सहा. त्या दोन तासांत काय करायचे हे कुणी शिकवत नाही. मी छताकडे पाहत असे किंवा पंख्याच्या पात्यांवरची धूळ मोजत असे. शेजारच्या खाटेवर उरणकडचे एक म्हातारे होते, सारा जन्म मिठागरात काम केलेले. त्यांच्या खाटेभोवती इतकी माणसे जमत की परिचारिका ओरडे.

"तुमचा कोनी येत नाय?" एकदा त्यांनी विचारले.

"येऊ नका असे मीच लिहून कळवले आहे."

"लिवलं?" त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले. "लिवलं म्हनून नाय आले. तोंडानं सांगितला असता येऊ नका, तं आले असते."

सकाळी स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन मिळे. ते कानावर परिणाम करते. कानात गुणगुण सुरू झाली तर लगेच सांगा. रिफाम्पिसिनची कॅप्सूल उपाशीपोटी घ्यायची; तिने लघवी नारिंगी होते, घाबरू नका. मी घाबरलो होतो, आणि कुणी आधी सांगितले नाही म्हणून तक्रारही केली होती. तिसरी गोळी आयसोनियाझिड. एकूण नऊ महिने. दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि माणसे औषध सोडतात. सोडू नका.

बाराव्या दिवशी मी डॉक्टरबाईंना त्या पिंपाच्या पेल्याविषयी विचारले.

"गलिच्छ आहेच तो," त्या म्हणाल्या. "पण टीबी तसा पसरत नाही. खोकल्यातून, हवेतून पसरतो. भांड्यातून नाही."

"एकाच पेल्यातून दोघे प्यायले तरी?"

"तरी नाही. आणि औषध नियमित चालू असेल तर काही आठवड्यांत पेशंटपासून बहुतेक धोका उरतच नाही. लिहून देऊ का?"

मी नको म्हणालो. माझ्या आयुष्यात लेखी उत्तर नाकारण्याची ती पहिली वेळ असावी.

कारण त्या पिंपाच्या पत्रासारखेच एक पत्र मी चार वर्षांपूर्वी लिहिले होते. शांतवन हा आमच्या मंडळीतला तुर्भ्याच्या कारखान्यात काम करणारा माणूस. त्याला क्षय झाला होता. दीड वर्षाच्या उपचारांपैकी बहुतेक झाले होते आणि तो उपासनेला येत असे. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणाच्या, रविवारी आमच्यात द्राक्षरसाचा एकच पेला बाकाबाकावरून फिरतो. शांतवन प्यायला की तो पेला पुढे माझ्याकडे येई. वैद्यकीय दाखला सादर करीपर्यंत सदर सभासदास पेल्यापासून दूर ठेवण्याचा ठराव करावा, असे मी कार्यकारी समितीस लिहिले. त्याच आठवड्यात मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेलो. चार महिन्यांनी परतलो तेव्हा शांतवन येईनासा झाला होता. ठराव झाला असे मी समजलो. नियमाने काम केले याचे मला समाधान वाटले, हेही इथे लिहिले पाहिजे.

तिसऱ्या आठवड्यात मला घरी सोडले. घरी गेल्यावर मी सेक्रेटरींना कळवले की जो ठराव शांतवन यांना लागू केला तोच मला लागू करावा, आणि त्याची नक्कल पाठवावी. नऊ दिवसांनी उत्तर आले. दप्तर तपासले असता असा कोणताही ठराव झाल्याचे आढळत नाही. आपले पत्र आले त्या रविवारी उपासनेनंतर ते सर्वांसमोर वाचून दाखवण्यात आले, एवढीच नोंद आहे.

ते उत्तर मी पुष्कळ वेळा वाचले. ज्याला मी चार वर्षे कायदा समजत होतो, तो फक्त माझा आवाज होता.

त्या दिवसांत मी कुणाशी बोललो नाही. बोलायला कुणी नव्हते हे खरे. पण असते तरी काय सांगणार होतो? मी प्रार्थनेला बसे आणि मसुदा करू लागे. देवालाही मी वस्तुस्थिती, खुलासा आणि विनंती अशा क्रमानेच लिहीत होतो. ख्रिस्ती असणे म्हणजे माझ्या लेखी बाप्तिस्म्याचा दाखला, सभासदत्वाची नोंद आणि चुकलेल्याला कलम दाखवण्याचा अधिकार होता. तो दाखला ट्रंकेत सुरक्षित होता. बाकी घरात काहीच नव्हते.

दोन महिन्यांनी पहिली थुंकी निगेटिव्ह आली. मी माफीचे पत्र लिहिले, सही केली आणि कोपरखैरण्याला गेलो. गावठाणात शांतवनची भाड्याची खोली होती. दार त्यानेच उघडले.

"सलाम, शिरस्तेदारसाहेब. बरेच वाळलात."

मी बाहेरूनच माझा आजार सांगितला.

"कळलं मला. आत या. मला एकदा होऊन गेलाय, दारात कशाला उभे राहता?"

त्याची पत्नी मार्था हिने चहा आणला. मी पिशवीतून स्वतःचा पेला काढला. आजारापासून तो सोबत नेण्याची मला सवय लागली होती; डॉक्टरबाईंचे ऐकूनही ती सुटली नव्हती. ती तिथेच थांबली.

"आमच्या कपाला काही झालंय का?"

मी घाईने सांगितले की हे त्यांच्याच सुरक्षिततेसाठी आहे. शांतवन हसला, पण ते हसू चांगले नव्हते.

"दीड वर्ष या घरात माझं ताट वेगळं होतं, तांब्या वेगळा, पांघरूण वेगळं," तो म्हणाला. "पोरीला जवळ घेत नव्हतो. महिन्यातून एकदा तो रविवारचा पेला यायचा, तेवढा सगळ्यांबरोबरचा. त्याच्यासाठी जायचो मी. प्रवचन तर झोपेतच जायचं."

मी पत्र पुढे केले. त्याने ते घेतले नाही.

"काय लिहिलंय?"

"क्षमा मागितली आहे."

"मग वाचून दाखवा. पहिलं वाचूनच दाखवलं होतं." मी खिशातून चष्मा काढू लागलो तसा तो म्हणाला, "इथं नाही. तिथं."

पुढच्या रविवारी मंडळीच्या पाळकसाहेबांच्या परवानगीने मी लहान मुलांच्या फळ्यासमोर उभा राहून ते पत्र वाचले. वैद्यकीय बाबतीत माझे म्हणणे चुकीचे होते, ठरावाविना मी शिक्षा घडवली होती, आणि ज्याच्या आजारात मी एकदाही त्याच्या घरी गेलो नव्हतो त्याला मी प्रभूच्या मेजावरून उठवले होते, असे त्यात होते. शांतवन दारात सायकल धरून उभा राहिला. वाचन संपल्यावर त्याने मान हलवली आणि दुसऱ्या पाळीला निघून गेला.

त्या दिवशी पेला माझ्यापर्यंत आला तेव्हा मी न पिता पुढे दिला. शांतवन येईपर्यंत प्यायचे नाही असे मनाशी ठरवले होते. मागच्या बाकावर बसलेल्या मार्थाने बाहेर मला गाठले.

"हा आता नवा नियम का, साहेब? तुम्ही तहानलेले राहिलात म्हणून ते येणार नाहीत. त्यांना यायचं तेव्हा येतील."

पुढच्या महिन्यापासून मी प्यायलो. बाकावरची माझ्या शेजारची जागा रिकामी असे. ती राखून ठेवा असे मी कुणालाही लिहिले नाही.

नवव्या महिन्यात शेवटच्या तपासणीचा दिवस आला. मी व्हरांड्यातल्या बाकावर एकटा बसलो होतो. हातात थुंकीच्या डबीची चिठ्ठी होती. साडेदहाच्या सुमारास शांतवन आला आणि शेजारी बसला.

"अर्धी सुट्टी टाकलीय," तो म्हणाला. "शेवटच्या रिपोर्टला माणूस एकटा नसावा. माझ्या वेळी मी एकटाच होतो."

दोन तास गेले. उकडत होते. तो उठून पिंपाशी गेला.

"याच्याबद्दल पण तुम्ही पत्र लिहिलं होतं म्हणे?"

"लिहिले होते."

"मग?"

"उत्तर आले नाही."

या वेळी तो खरोखर हसला. साखळीचा पेला भरून त्याने अर्धे पाणी प्यायले आणि पेला माझ्याकडे धरला. साखळी आखूड होती, म्हणून मला उठून त्याच्यापर्यंत जावे लागले. मी प्यायलो.

अहवाल निगेटिव्ह आला. डॉक्टरबाईंचा, परिचारिकांचा, त्या मिठागरातल्या म्हाताऱ्यांचा मी ऋणी आहे. ते म्हातारे वाचले की नाही हे मला कळले नाही आणि मी विचारायला गेलो नाही, ही खंत आहे. तुमच्यावर ही वेळ आली तर औषध पुरते घ्या, आणि कुणी भेटायला येतो म्हणाले तर येऊ द्या.

शांतवन उपासनेला अजून येत नाही. धर्माच्या रकान्यात मी आजही ख्रिस्ती असे लिहितो, पण लिहिताना हात थांबतो. न्यायालयात मी चौतीस वर्षे काढली. स्वतःच्या बाजूने स्वतःच दिलेल्या साक्षीला किती वजन असते हे मला माहीत आहे. या बाबतीत खरा साक्षीदार कोपरखैरण्याला राहतो, आणि त्याला साक्षीला बोलावण्याचा अधिकार मला नाही. दर बुधवारी मी त्याच्याकडे जातो. मार्था चहा देते. पिशवीत पेला नसतो.