बंद कंपनीतला नवरदेव

सुरतेत कंपनी चालू की बंद, हे आमचे लोक कानानं ठरवतात. उधन्याच्या भागात लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खटखट ऐकू येते तोवर चूल पेटणार, एवढं साधं गणित. आणि नव्वदच्या दशकात मी नोकरीला लागलो ते शहराबाहेरच्या गॅसवरच्या वीजकेंद्रात, जे दिवसभर गप्प! संध्याकाळी शहराला वीज कमी पडली की वरून फोन यायचा, मग आमचं मशीन सुरू. फोन नाही, तर आम्ही चहा प्यायचो.

पण माझी ऐट काय विचारता! "आख्ख्या सुरतेचे दिवे माझ्या बोटावर आहेत," असं मी मुलीच्या घरी ठोकून दिलं होतं. मुलगी मला भयंकर आवडली होती. तिचे वडील धुळ्याकडचे, लूमवर कारीगर. म्हणाले, "कामाची जागा बघितल्याशिवाय शब्द देणार नाही."

मी थाटात त्यांना त्यांच्या सुट्टीच्या दिवशी बोलावलं. त्यांना सुट्टी म्हणजे उधन्यातल्या सगळ्या लूमना सुट्टी, मग शहराला जास्तीची वीज लागेल कशाला, हे माझ्या शहाण्या डोक्यात आलंच नाही.

मामा, म्हणजे मुलीचे वडील, आले. संध्याकाळ झाली. फोन काही वाजेना. मी दोनदा रिसीव्हर उचलून बघितला. लाइन चालू होती.

"कंपनी बंद पडेल शे का?" मामांनी विचारलं. बंद पडलीय का, म्हणे!

लूमपायी त्यांचे कान गेलेले, म्हणून मी बेंबीच्या देठापासून ओरडत समजावू लागलो.

"ओरडू नको रे, इथं ऐकू येतंय मला," ते म्हणाले. मग त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "घरी पोरी माझ्याशी ओरडूनच बोलतात. हिचा नवरा तरी हिचं हळू बोललेलं ऐकेल. मनी पोर तुलेच देसू."

मशीन सुरू झालं की शेजारी उभा असलेला माणूसही ऐकू येत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. मग मिटलं.

आज ती जेवायला हाक मारते ती आख्ख्या गल्लीला ऐकू जाते, मला तिसऱ्यांदा. लग्नानंतरच्या वर्षांत ती रात्री हळूच काहीतरी बोलायची आणि मी नुसती मान हलवायचो. काय बोलायची, ते आता विचारायची मला लाज वाटते.