सरळ लावलेल्या चपला

"चपलेला वैरी कळत न्हाय," असं म्हणत आत्या वाकायच्या आणि पडवीतल्या सगळ्यांच्या चपला फिरवून, तोंडं रस्त्याकडे करून लावायच्या. प्रार्थना संपली की माणसाने बाहेर यावं, पाय घालावा, सरळ चालू पडावं. आलेल्यांच्या चपलांना हात लावणारं माणूस तुम्ही कधी पाहिलंत? मी हे एकच पाहिलं.

चौलच्या पलीकडे सुपारीच्या वाडीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. दर रविवारी आम्ही ख्रिस्ती विश्वासणारे तिथे प्रार्थनेला जमायचो. शेजारच्या घरातला भाचा त्यांना आत्या म्हणायचा, म्हणून आम्हीही.

प्रभूला मानतात म्हणून गावकीने त्यांना वाळीत टाकलं. स्पष्ट लिहितो, हा गुन्हा आहे. आणि तो करणारे सगळे शिकलेले, सणासुदीला सगळ्यांना शुभेच्छा धाडणारे लोक होते.

गिरणीवाला त्यांचं दळण घेईना. मंडळीत हे कळलं मात्र, पिठाचे डबे येऊ लागले. रेवदंड्याहून कोणी स्कूटरवर, रेवसहून कोणी एसटीत मांडीवर घेऊन. ज्यांच्या घरी स्वतःचीच ओढाताण, त्यांचे डबे सगळ्यांत आधी. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही.

"एवढ्या पिठाचं करू काय?" आत्या म्हणाल्या. "आता गावकीलाच जेवाय बोलवाय लागंल."

एका रविवारी गावकी खरंच आली, पण जेवायला नाही. भाचा चार-पाच जणांना घेऊन सभा उधळायला आला. आणि बघा, सवयीने सगळे पडवीत चपला काढून आत शिरले. भाच्याने दम भरला, हे आजपासून बंद, नाहीतर घर खाली करायचं. वडिलांचं घर सोडून आत्या जाणार कुठे? त्या उठून बाहेर गेल्या. मला वाटलं, घाबरल्या. त्या चपला फिरवत होत्या. भाच्याच्या निळ्या पट्ट्यांच्या जोडीवरचा चिखलही त्यांनी हाताने निपटून काढला.

तो बाहेर आला, खाली बघून थबकला. "आत्या, चपलांना कशाला हात लावतेस?"

"उलट्या पायानं आलास. सरळ पायानं जा, बाबा."

ते गेल्यावर मी म्हणालो, त्या चपला विहिरीत टाकायला हव्या होत्या. आत्या म्हणाल्या, "जगाला आपला राग यायचाच. आपल्याला जगाचा येता कामा न्हाय."

मला ते पटलं नाही. मी पोलिसांत द्यायची तक्रार लिहायला बसलो. त्यांनी अडवलं नाही, भाच्याचं नावही घालू दिलं. "खरं हाय ते समदं लिही. शिवी तेवढी लिहू नको." मला बऱ्याच ओळी खोडाव्या लागल्या.

तक्रार गेली तशी गिरणी त्यांना पुन्हा उघडली, घर राहिलं, रविवारही राहिला. भाचा मात्र शेजारी असून पुन्हा फिरकला नाही.

यंदा आत्या गेल्या. गावातलं कोणी येणार नाही हे धरूनच आम्ही सगळीकडून आलो होतो. आमेन म्हणून शवपेटीला वाट करायला बाहेर आलो, तर पडवीत चपलांचा नुसता ढीग, एकीवर एक चढलेली. ढिगात ती निळ्या पट्ट्यांची जोडी दिसली. मी मागे वळून पाहिलं. भाचा दाराआड भिंतीला टेकून बसला होता, डोकं गुडघ्यांत.

माझा राग गेलेला नाही. तरी वाकलो, ती जोडी उचलली आणि तोंड रस्त्याकडे करून लावली. बाकीच्यांनी आपापल्या शोधल्या.