एसएमपीएसची पूजा

बायकोच्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारा पत्र्याचा डबा, ऐन महिनाअखेरीला गेला. ती उमरठला घरी बसून मुंबईच्या एका ऑफिसचे हिशेब करते. साहेबांनी कळवलं, पुढच्या सोमवारी मशीन सुरू नसेल तर काम दुसऱ्या कुणाला देतो.

महाडच्या दुकानात तो डबा नव्हता, म्हणून मी ऑनलाइन शोधायला लागलो आणि डोक्याला ताप करून घेतला. एका दुकानाला सगळ्यांनी पाच चांदण्या दिलेल्या आणि सगळ्यांचं कौतुक शब्दन्‌शब्द सारखं. दुसऱ्याचा फोन बंद. तिसरं बरं वाटलं, तर आमचा पिनकोड टाकताच त्याने हात वर केले. एमआयडीसीतल्या जेवणाच्या सुट्टीत भाकरी बाजूला ठेवून मी हेच करत होतो. शेवटी एक दुकान मिळालं. फोन उचलायचं, नीट बोलायचं, बंद निघालेला माल बदलून द्यायचं. "फक्त त्याला ओल लागू देऊ नका," एवढंच तिथल्या माणसाने बजावलं.

पार्सल पोलादपूरला आलं, तिथून एसटीच्या कंडक्टरने गावात पोचवलं. मी पाळीवरून घरी आलो तर आईने डबा पाटावर मांडलेला. हळद, कुंकू, अक्षता, फूल, शेजारी फोडलेला नारळ. आमच्याकडे मिक्सर आला तेव्हाही हेच झालेलं. पण नारळाचं पाणी डब्यातल्या पंख्याच्या जाळीतून सरळ आत गेलेलं. उन्हात वाळवून लावला, तर फट् आवाज आणि जळका वास.

"बिघडलेलाच दिलात म्हनून सांग त्यांना," आई म्हणाली. "कुंकू मी पुसते."

खरं दुकान कुठलं, खोटं कुठलं, हे मी इतके दिवस तपासत बसलेलो. आता कुठल्या तोंडाने खोटं बोलू? दुकानातल्या त्या माणसाला फोन करून खरं ते सांगितलं. "मग नाही बदलता येणार, दादा," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं, म्हणून तर आणखीच संताप आला. त्याच्याकडेच दुसरा मागवला. "आजच पाठवतो, पण सोमवारच्या आत पोचेल असं खोटं कशाला सांगू?"

फोन ठेवला आणि मी आईवर ओरडलो, "मिक्सरला चार थेंब शिंपडलेस ना? मग याच्यावर अख्खा नारळ कशाला ओतलास?"

"मिक्सर माजा व्हता," आई म्हणाली. "ह्यो सूनबायच्या कामाचा हाय. तिचं काम जाऊ नये म्हनून सगळा घातला."